शिक्षक दिनाची शाल, पुराचा चिखल आणि यादीत नसलेल्या मावशी

शिक्षक दिन होऊन अडीच महिने झाले. दिवाळीची सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं. सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात शाळाशाळांतून किती शाली वाटल्या गेल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण बातम्या ठेवतात आणि त्यातल्या बऱ्याच मीच पाठवल्या आहेत. त्या एका आठवड्यात मी तालुक्यातून नऊ बातम्या दिल्या. नऊही बातम्यांचं शेवटचं वाक्य एकच होतं, 'यावेळी शिक्षकवृंद, विद्यार्थी व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.' गावाचं नाव बदलायचं, सरपंचाचं नाव बदलायचं, फोटो जोडायचा आणि सेंड करायचं. 2025 साली तर 5 तारखेला ईदची सुट्टी आणि लगेच दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणून बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम आदल्या दिवशीच उरकला गेला. 'उरकला' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

आज हे लिहायला बसलो ते एका मॅडमच्या बोलण्यावरून. ओळखीच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर आहेत. परवा बाजारात भेटल्या. मी सहज म्हटलं, "मॅडम, तुमच्या सत्काराची बातमी चांगली लागली होती." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कपाटात अकरा शाली झाल्यात. एकदा तरी कुणी सांगा की मी नेमकं काय चांगलं केलं."

मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येऊन जुन्या बातम्या काढून बघितल्या. त्यात 'उल्लेखनीय कार्याबद्दल' असं होतं. कोणतं कार्य ते माझ्याही बातमीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

2025 चा सप्टेंबर शाळेतल्या माणसांसाठी कसा गेला ते आधी ओळीनं बघू.

1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त वर्षं शिल्लक आहेत अशा सगळ्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायची. नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. आपल्या राज्यात पहिली टीईटी झाली 2013 साली. त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं लागलेले, त्या वेळच्या सगळ्या अटी पूर्ण करून लागलेले गुरुजी आता वयाच्या पन्नाशी-बावन्नाव्या वर्षी बालमानसशास्त्राची गाईड घेऊन बसलेत. या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यातच लागतो. मुलं वर्गात विचारतात, "सर, तुमचा पण पेपर हाय का?" निकाल चूक की बरोबर यात मी पडत नाही, शिकवणाऱ्याची पात्रता बघायलाच पाहिजे असं मानणारा मी आहे. पण ज्या माणसाची नोकरी 1 तारखेला टांगणीला लागली, त्याला चार दिवसांनी आपण शाल घालून 'समाजाचा शिल्पकार' म्हणालो. त्याच्या मनात काय झालं असेल?

17 तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. त्या दिवशीच्या भाषणांत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचं नाव येतंच. आपल्याच जिल्ह्यातली, लोहारा तालुक्यातली, 1921 साली निजामाच्या राजवटीत सुरू झालेली शाळा. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, नंतर अंबाजोगाईला योगेश्वरीत गेले आणि पुढं सगळ्या लढ्याचे नेते झाले. या जिल्ह्याला शिक्षकाचं मोठेपण कळत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. फक्त ते आपल्याला शंभर वर्षांनी कळतं.

मग आला पाऊस. 21 तारखेची रात्र आणि 22 ची पहाट, घटस्थापनेचा दिवस. सीना, चांदणी, बाणगंगा, मांजरा, तेरणा, सगळ्या एकाच वेळी उठल्या. परंडा तालुक्यात माणसं घरांच्या छतावर अडकली, हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. भूम, कळंबकडची हालत वेगळी नव्हती. माझं स्वतःचं अडीच एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं, त्यावर इथं लिहीत नाही. शाळांचं लिहितो, कारण शेतीचे पंचनामे झाले, गोठ्यांचे झाले, शाळेतल्या माणसांनी त्या आठवड्यात काय केलं त्याचा पंचनामा कुणी केला नाही.

नदीकाठच्या एका गावात मी पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो होतो. गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या सरांनीच 'नाव नको, बाकीच्या शाळांनी पण केलंय' असं बजावलं. शाळेच्या दोन खोल्यांत कमरेएवढं पाणी येऊन गेलेलं. भिंतीवरच्या बाराखडीखाली चिखलाची सरळ रेघ उमटलेली. पटांगणात बाकडी उलटी टाकलेली आणि ओट्यावर, जिथं ऊन पडतं तिथं, जनरल रजिस्टरं उघडी करून ठेवलेली. एकेक पान सुटं करून, मधे जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे घालून. सर आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी, दोघंच होते. दुसऱ्या मॅडमच्या गावचा पूल वाहून गेला होता, त्या दोन दिवसांनी पोचल्या.

जनरल रजिस्टर म्हणजे काय हे ज्याला दाखला काढायचा असतो त्यालाच कळतं. आज्याचं नाव, जात, जन्मतारीख, कुठल्या साली शाळेत घातलं, सगळं तिथं. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच जुनी रजिस्टरं तपासली गेली. 2025 च्या 2 सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला आणि जुन्या नोंदींना पुन्हा किंमत आली. गावातल्या निम्म्या घरांचे कागद ज्या वहीत आहेत ती वही त्या रात्री कुणी वाचवली? पाणी चढायला लागलं तेव्हा सर तालुक्याच्या गावी होते. मावशींचं घर शाळेच्या मागं. त्यांनी लेकाला उठवलं, ऑफिसचं कुलूप दगडानं तोडलं आणि खालच्या कपाटातली रजिस्टरं वरच्या फळीवर टाकली. खालच्या कप्प्यातली चार भिजली, बाकी वाचली. त्यांच्या स्वतःच्या घरातलं पीठ, ज्वारी, कपडे, सगळं गेलं.

मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं सुचलं?"

"लोक लई चकरा मारतेत त्या वहीसाठी. म्हणलं गेली तर सरला शिव्या देतेल."

ही बातमी मी पाठवली होती, चार ओळींची. लागली पण असेल कुठंतरी खाली. त्या गावात नंतर 'पूरग्रस्तांना मदत करणाऱ्यांचा सन्मान' असा कार्यक्रम झाला. त्यात मदत घेऊन आलेल्या गाड्यांच्या मालकांचा सत्कार झाला, आणि तो व्हायलाच पाहिजे होता, माणसं लांबून आली होती. सरांनाही गुलाबाचं फूल मिळालं. मावशींचं नाव यादीत नव्हतं. यादी कुणी केली विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मुद्दाम कुणी वगळलं नाही हे मला मान्य आहे, त्या कुणाच्या डोक्यातच आल्या नाहीत.

मावशींचा हिशेब

शालेय पोषण आहार, आताचं नाव पीएम पोषण, त्यात शिजवणाऱ्या आणि मदतनीस बायांना आपल्या राज्यात महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे. 2023 पर्यंत दीड हजार होतं. तेही वर्षातून दहा महिने. म्हणजे वर्षाचे 25 हजार. केंद्र सरकारनं 2009 साली महिना 1 हजार ठरवला होता, तो आकडा केंद्राच्या हिशेबात अजून तिथंच आहे, वरचे पैसे राज्य घालतं. 25 पटापर्यंत एक बाई, 100 पर्यंत दोन. सकाळी येऊन तांदूळ निवडायचे, पाणी भरायचं, चूल किंवा गॅस, वाढायचं, भांडी घासायची आणि गावाकडच्या बऱ्याच शाळांत पटांगण झाडायचं कामही गुपचूप त्यांच्याच गळ्यात. यातल्या कितीतरी जणी विधवा, परित्यक्ता किंवा भूमिहीन घरातल्या.

प्राथमिक शाळेला शिपाई नसतोच. ज्यांना वाटतं गुरुजी नुसता खडू हातात घेऊन उभा असतो, त्यांनी एकदा सकाळी साडेनऊला जाऊन बघावं कुलूप कोण उघडतं, घंटा कोण देतं, संडासात पाणी कोण टाकतं. हायस्कूलला शिपाई मामा होते, पण तेही आता संपत चाललेत. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं खासगी अनुदानित शाळांतलं शिपायाचं कायम पद भरणं बंद झालं. जुना माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी शाळेला भत्ता, ग्रामीण भागात महिन्याला 5 हजार. त्या पैशात संस्थेनं कुणाला तरी ठेवायचं. मी ज्या हायस्कूलला शिकलो तिथले मामा दरवर्षी दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाकाला हात लावून बघायचे, डुगडुगतं का. डुगडुगलं तर खाली पुठ्ठ्याची घडी. माझ्या बाकाखाली ठेवलेली घडी मला अजून आठवते. ते गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली की नाही ते मला माहीत नाही, मी गेलो नव्हतो.

आता मुद्द्याची दुसरी बाजू. ती मी लपवून लिहिलं तर माझ्याच गावातले लोक मला पारावर बसू देणार नाहीत.

गावात शिक्षकाच्या कौतुकाचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो पगाराचा. "साठ-सत्तर हजार घेतेत, कशाचं कौतुक? आमच्या सोयाबीनला कोण शाल घालतंय?" यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. 2025 साली सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये जाहीर झाला आणि भिजलेला माल घेऊन बाजारात गेलो तर भाव विचारायची सोय राहिली नाही. ज्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसा येत नाही त्याला पगारदाराचा हेवा वाटणारच. शिवाय गावात न राहणारे, दहाला येऊन साडेचारला गाडीला किक मारणारे, मोबाईलमधून डोकं वर न काढणारे गुरुजीही आहेत. मी बघितलेत, बातम्या दिल्यात, शिव्याही खाल्ल्यात.

पण यातून झालं काय, तर वाईट शिक्षकाला आपण काही करू शकलो नाही आणि चांगल्याला काही बोललो नाही. दोघांनाही एकच शाल. चांगल्याला कळलं की आपण जास्तीचं केलेलं इथं कुणाला दिसत नाही. वाईटाला कळलं की आपण केलं नाही तरी चालतं. त्या अकरा शालीवाल्या मॅडमचं दुखणं हेच आहे. माझ्या मते सरसकट सत्कारानं उमेद वाढत तर नाहीच, उलट खचते, आणि हे आपल्या लक्षात आलेलं नाही.

सरकारी कौतुकाची तऱ्हा

सरकारनंही कौतुक करून बघितलंय. शालेय शिक्षण विभागानं 'थँक अ टीचर' नावाचं अभियान काढलं. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात झालं असं की फोटो, व्हिडिओ, हॅशटॅग टाकायचे, लिंक भरायची आणि किती पोस्ट झाल्या याचा अहवाल वर पाठवायचा. अहवाल भरणार कोण? शिक्षकच. स्वतःला थँक्यू म्हटल्याची आकडेवारी स्वतःच भरा!

2022 साली विधानसभेत शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत यावरून बराच धुरळा उडाला. त्याच सुमारास 'आपले गुरुजी' या नावानं आदेश आला की वर्गात शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो लावा. नाव ऐकून वाटेल सन्मान आहे. कारण वेगळं होतं, काही ठिकाणी शिक्षक स्वतःच्या जागी पगारी माणूस ठेवतात अशा तक्रारी होत्या, म्हणून ओळख पटावी. तक्रारी खऱ्या असतीलही. पण चार जणांवरच्या संशयासाठी लाखो जणांचा फोटो भिंतीवर आणि त्याला नाव मात्र आदराचं, हे शिक्षकांना झोंबलं.

आणि 2024 चा शिक्षक दिन तर विसरण्यासारखा नाही. 5 सप्टेंबर 2024, त्याच दिवशीच्या तारखेचा शासन निर्णय आला की 20 आणि त्यापेक्षा कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक जागा कंत्राटी, महिना 15 हजारावर. तारीख कुणी मुद्दाम निवडली नसेल, पण मंत्रालयात एकालाही ती खटकली नाही? वाडी-वस्तीवरचे शिक्षक त्या संध्याकाळी सत्काराचा नारळ घेऊन घरी गेले आणि मोबाईलवर जीआरची पीडीएफ आली. 25 सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले, पुढं त्या निर्णयात बदल करावे लागले. त्याच वर्षीच्या 15 मार्चच्या संचमान्यतेच्या निर्णयानं सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी पट असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर होईना, ती भीती अजून गेलेली नाही. आपल्या जिल्ह्यात असे पट किती गावांत आहेत हे वाचणाऱ्यांनी आपापल्या गावावरून ओळखावं.

पुरस्कारांचं सांगायचं तर क्रांतिज्योती सावित्रीबाईंच्या नावानं राज्याचे पुरस्कार आहेत, जिल्हा परिषदेचे आदर्श शिक्षक पुरस्कार आहेत, दिल्लीचे राष्ट्रीय आहेत. पण प्रस्ताव ज्याचा त्यानं करायचा. राष्ट्रीय पुरस्काराला तर 2018 पासून स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. पारदर्शकतेसाठी ते बरोबर असेल. आपल्याकडं मात्र त्याचा अर्थ असा झाला की जो फाईल चांगली करतो तो आदर्श. फोटो काढता येणारं काम पुढं येतं. भिंत रंगवली तर फोटो येतो, पण वाचता न येणाऱ्या तिसरीतल्या लेकराला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून वाचतं केलं तर त्याचा फोटो काय काढणार? 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'मध्ये तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला 3 लाख आणि राज्यात पहिलीला 51 लाख असं बक्षीस ठेवलं, त्यातून काही शाळा खरंच सुधारल्या, मी बघितल्यात. बक्षीस शाळेला मिळालं. ज्या माणसांनी सुट्टीत येऊन झाडं जगवली त्यांच्या हाती अभिनंदनाचा मेसेज.

याला एक मोठा अपवाद आपल्या शेजारीच घडला. परंडा तालुक्याला लागून असलेल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलर. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पैशापेक्षा मला ती गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते की त्यांचं काम कोणतं ते जगाला सांगता आलं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, मुलांना घरी बसून धडा ऐकता-बघता आला. 'उल्लेखनीय कार्य' असं गुळमुळीत कुणी म्हटलं नाही. त्या वेळी आमच्या इकडच्या कितीतरी शिक्षकांच्या चालण्यात फरक पडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. झेडपीचा मास्तर म्हणून नाक मुरडणारे पाहुणे त्या महिन्यात जरा गप्प होते.

पुढं 2022 मध्ये रजा आणि प्रतिनियुक्तीच्या प्रश्नावरून वाद झाला, त्यांनी राजीनामा दिल्याच्याही बातम्या आल्या. कोण बरोबर, कोण चूक हा माझा विषय नाही. पण तोच शिक्षक दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या डीपीवर होता, एवढं आठवतं.

कडुनिंबाखालचा वर्ग

खरं कौतुक कसं असतं, याचा मी पाहिलेला नमुना बराच जुना आहे.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाटे चारच्या आत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, उमरगा-लोहाऱ्याकडचा भाग झोपेतच गाडला गेला. आमचं गाव तिथून लांब, भिंतींना भेगा पडल्या, माणसं वाचली. मी तेरा वर्षांचा होतो. पुढं कितीतरी दिवस आम्ही पोरं शाळेच्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हतो, पत्रा वाजला तरी पळायचो. आमच्या गुरुजींनी फळा उचलून बाहेर कडुनिंबाला टेकवला आणि वर्ग तिथंच सुरू केला. ओरडले नाहीत, 'भित्रे' म्हणाले नाहीत. दिवाळीनंतर एक दिवस ते एकटेच खोलीत जाऊन बसले आणि आतून गोष्ट वाचायला लागले. आवाज नीट येईना म्हणून आम्ही एकेक करत दारापाशी, मग उंबऱ्यावर, मग आत.

माझी आजी निरक्षर होती. तिनं हे आमच्याकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, हातात तांब्याभर दूध. गुरुजींना म्हणाली, "पोरं आत बसवलीव, लई बरं केलं. माझं नातू रात्रीबी आता घरात झोपतंय." बस. एवढंच बोलून गेली. गुरुजी निवृत्तीनंतर एकदा बसस्टँडवर भेटले होते. त्यांना माझं नाव लगेच आठवलं नाही. "तांब्यातल्या दुधाची म्हातारी तुझी कोण रे?" असं विचारलं.

त्या भूकंपात किल्लारी, सास्तूरकडच्या शिक्षकांनी काय सोसलं त्याच्यापुढं आमच्या गावची गोष्ट काहीच नाही. तिकडची बाराशे लेकरं जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे सगळ्यांना माहीत आहे. जी मागं राहिली त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये कुणी शिकवलं, ती नावं फारशी कुठं आली नाहीत.

आजीच्या त्या बोलण्यात काय होतं, याचा मी विचार करतोय. एक तर तिनं नेमकं काम सांगितलं. ते काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगितलं, 5 सप्टेंबरची वाट बघितली नाही. आणि त्या कामाचा घरात काय परिणाम झाला हे सांगितलं, जे गुरुजींना वर्गात बसून कधीच कळलं नसतं. शिक्षकाला मुलगा शाळेत दिसतो. घरी तो काय बोलतो, काय वाचून दाखवतो, कशाला घाबरायचा बंद झाला, ते आपल्याकडं असतं. ते आपण त्याच्यापर्यंत पोचवत नाही. बदलीचा आदेश आला की मात्र हार, ढोल, रडारड. ऑनलाइन बदल्या सुरू झाल्यापासून असे निरोपाचे व्हिडिओ दरवर्षी व्हायरल होतात. मुलं सरांच्या पायाला मिठी मारतात, बायका डोळे पुसतात. सगळं खरं असतं. पण सर त्या वेळी गाडीत बसलेले असतात.

टीईटी, संचमान्यता, रिक्त जागा, मावशींचं मानधन, हे गावाच्या हातात नाही. तिथं कौतुक उपयोगाचं नाही, तिथं पैसा आणि निर्णय लागतो, आणि पगार वाढवून मागणाऱ्या मावशीला कुणी 'अन्नपूर्णा' म्हणून वाटेला लावत असेल तर त्याला तिथंच थांबवलं पाहिजे. पण एक गोष्ट गावाच्या हातात नक्की आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आपणच पालक असतो. महिन्याला बैठक असते, निदान कागदावर तरी. ग्रामसभा असते. माझ्या गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मी पत्रकार म्हणून मागून वाचलंय. गेल्या काही वर्षांत शाळेबद्दल सात ठराव आहेत. पाच तक्रारीचे, एक कंपाउंडचा, एक बोअरचा. अभिनंदनाचा एकही नाही. शिक्षकाचा गोपनीय अहवाल वरचे साहेब लिहितात, त्यात पालकाला कुणी विचारत नाही. पण ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल शिक्षकाला मिळते, ती पंचायत समितीला जाते, फाईलला लागते. आणि त्यात लिहावं लागतं की काम कोणतं केलं. गुळमुळीत लिहिलं तर ठराव मांडणाऱ्यालाच चार जण विचारतात.

म्हणून नदीकाठच्या त्या गावातल्या दोन-तीन ओळखीच्या माणसांशी मी बोललो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा, 'पुराच्या रात्री शाळेची रजिस्टरं वाचवल्याबद्दल स्वयंपाकी मावशींच्या अभिनंदनाचा ठराव', नावासकट, आणि सोबत सरांचंही नाव, पानं वाळवल्याबद्दल. अर्ज लिहून दिलाय. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हा विषय कोणत्या सदराखाली घ्यायचा?" पाणीपुरवठा, घरकुल, रोजगार हमी अशी सदरं ठरलेली असतात. अजून त्यांचं ठरलेलं नाही.

मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "26 ला? त्या दिवशी झेंडावंदनाचा मसालेभात असतोय. मी पातेल्यापाशी असेन. कुणाला तरी बोलवायला पाठवा."